मागच्या दारचा टोस्ट

आमच्या साताऱ्याच्या घरात अंड्याचा तवा स्वयंपाकघरात राहत नसे. मागच्या दारी, न्हाणीघराच्या भिंतीतल्या खिळ्याला तो टांगलेला असे आणि पावसाळ्यात त्याच्या कडांवर गंजाची बारीक तांबूस नक्षी उमटे. आईच्या ओट्यावर अंडं चढत नव्हतं. वडील फौजेतून निवृत्त होऊन घरी आले, तेव्हा त्यांच्या रविवारच्या अंडा-टोस्टला तिने परवानगी दिली ती एवढ्याच अटीवर, की तो बाहेर व्हावा, आंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीवर, आणि त्याची ताटली उंबरा ओलांडून आत येऊ नये.

वडिलांना मी आबा म्हणते. ही हाक माझी. घरात ती मी आणली आणि पुढे माझ्या धाकट्या भावाने उचलली. आबा चुलीपुढे उकिडवे बसत. आधी पावाचे काप कोरड्या तव्यावर दोन्हीकडून शेकत. भाजत्या पावाचा तो कोवळा, किंचित गोडसर वास मला आजही पहिल्या उन्हासारखा वाटतो. मग स्टीलच्या पेल्यात अंडी, कांदा, मिरची, चिमूटभर हळद, आणि काट्याने फेटताना होणारा तो घाईघाईचा किणकिणाट. मीठ ते मुद्दाम विसरत असावेत. दर वेळी हाक जाई, "अगं, मीठ!" आणि स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजांतून आईचा हात मीठ घेऊन बाहेर येई. तेलावर अंडं पसरताच चर्र आवाज होई, त्यावर शेकलेला पाव दाबला जाई, उलथन्याची एकच सफाईदार कलाटणी, आणि पहिला टोस्ट मागच्या पायरीवर बसलेल्या माझ्या ताटलीत.

"याला वेळकाळ नस्ती गं," आबा म्हणत. "सकाळी न्याहारी, दुपारी जेवण, आन् रात्री गाडी चुकली तर तेवढ्यावर झोप."

पहिला टोस्ट माझा, हे कुणी ठरवलं नव्हतं आणि कुणी कधी मोडलंही नव्हतं. लग्न होऊन मी मलकापूरला गेले, तरी सवड मिळेल त्या रविवारी सकाळची एसटी धरून साताऱ्याला येत राहिले. नवरा हसायचा, मलकापुरात काय अंडी मिळत नाहीत का? मिळतात. मी करूनही पाहिला आहे तो टोस्ट, चांगला होतो. पण स्वतःच्या हाताने स्वतःच्या ताटलीत वाढलेला पहिला टोस्ट हा पहिला नसतो.

आई गेली. त्यानंतर भावाचं लग्न झालं आणि कवठे महांकाळकडची भावजय घरात आली. माहेर मेंढपाळांचं, उन्हाळ्यात वडील कळप घेऊन दूर चारणीला, घरी आई आणि ही. बोलणं मोकळं, हसणं त्याहून मोकळं. आल्या आल्या तीही त्यांना आबा म्हणू लागली. कुणी आपली ओढणी न विचारता खांद्यावर घ्यावी, तसं मला झालं.

मागच्या थंडीतल्या एका रविवारी मी पोचले तेव्हा भाऊ औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पाळीवर गेला होता. गावामागच्या किल्ल्याच्या अंगाने उतरलेलं ऊन अंगणात आलं होतं, पण अंगण रिकामं. न्हाणीघराच्या भिंतीवर नुसता खिळा. वास आतून येत होता. आईच्या ओट्यावर, गॅसवर, तो तवा होता. भावजय अंडी फेटत होती आणि आबा स्टुलावर बसून तिला सांगत होते. त्यांच्या हातांना अलीकडे कंप सुटला आहे.

"पाव आधी कोरडाच शेकू दे. तेल नको आत्ता."

"ठावं हाय वो आबा. चार येळा सांगून झालं." तिने डब्यातली कांदा-लसूण चटणी बोटांच्या चिमटीत घेतली. "आन् ही आमच्याकडली. जरा गप बसून खाऊन तर बघा."

ज्या माणसाने आयुष्यभर त्या पेल्यात कुणाला कोथिंबिरीचं पानही टाकू दिलं नव्हतं, तो माणूस हसला. "टाक पोरी, टाक."

मी अनेक वर्षं त्या पायरीवर बसले. मला त्यांनी कधी उलथनं हातात दिलं नाही. चटका बसेल, म्हणत. मला जपलं आणि हिला शिकवलं, हा हिशेब मला पावाच्या कोरड्या कडेसारखा टोचला. पण मत्सर कधी आपल्या खऱ्या आवाजात बोलत नाही. माझ्या तोंडून आईचा आवाज आला.

"आईच्या ओट्यावर अंडं?"

गॅस फुरफुरत राहिला. आबा खाली पाहू लागले. भावजय मात्र जराही खट्टू झाली नाही. "खरंच की वो वन्सं. मला बाई सुचलंच न्हाई." तिने गॅस बंद केला, ओटा पुसला, तवा, पेला आणि पाव उचलला आणि ती मागच्या दारी गेली. पाठोपाठ आबा भिंतीला धरून उतरले.

मी जिंकले होते. आईचं स्वयंपाकघर पुन्हा सोवळं झालं होतं आणि त्यात मी एकटी उभी होते.

खिडकीतून चुलीचा धूर आत आला. भावजय फुंकणीने जाळ करत होती, आबा पायरीवर बसले होते, माझ्या पायरीवर.

"डोळं चुरचुरत्यात गं पोरी."

"मग इकडं सरका की. फौजेत धूर नव्हता व्हय?"

दोघं हसले. मग तिने मान वर करून खिडकीकडे पाहिलं. "वन्सं, मीठ ऱ्हायलं बगा. तेवढं द्या की खिडकीतनं."

मी मिठाची वाटी उचलली आणि गजांतून हात बाहेर काढला. गज थंड होते. माझ्या बांगड्या त्यांवर वाजल्या आणि तो आवाज मला ओळखीचा वाटला. रविवारमागून रविवार याच जागी उभी राहून आई बाहेर पाहत असे: चूल, नवरा आणि पायरीवर बसलेली, पहिल्या टोस्टची धनीण असलेली मी. तिला काय टोचत असेल, हे मला त्या क्षणी कुणी सांगायची गरज उरली नाही. तिने अटी घातल्या होत्या. मीही आताच एक घातली होती.

चर्र आवाज झाला. आबांनी कापऱ्या हाताने उलथनं धरलं, भावजयीने त्यांच्या मनगटाला आधार दिला, आणि टोस्ट उलटला. तो उचलून त्यांनी तिच्या ताटलीत ठेवला. "खा. तुझ्या बापानं तुला कवा करून घातलं न्हाई म्हणत होतीस न्हवं?"

तिने ताटली मांडीवर घेऊन खायला सुरुवात केली. मला तिची कणव यायला हवी होती. आलीही असेल थोडी. मत्सर मात्र जागचा हलला नाही.

मी चप्पल न घालताच बाहेर गेले. आबा सरकले. पायरी दोघांना अरुंद होती, त्यांचा खांदा माझ्या खांद्याला टेकला, लोकरी स्वेटरमधून धुराचा वास आला. भावजयीने पुढचं अंडं ओतलं आणि मी आयुष्यात प्रथमच दुसऱ्या टोस्टची वाट पाहिली.

तो आला तेव्हा तवा पुरता तापलेला होता. कडा जाळीदार आणि खरपूस, मध्ये चटणीची मंद आग, आणि पाव असा कुरकुरीत, की पहिला घास तुटताना बारीक आवाज झाला. माझे इतक्या वर्षांचे पहिले टोस्ट त्यामानाने जरा फिकटच होते.

"कसा झालाय?" भावजयीने विचारलं.

"बरा आहे," मी म्हणाले.