रिठी गावातली माणसं

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. वर्ध्याच्या एका संस्थेत मी जिल्ह्यातल्या पाण्याच्या जागांचा संगणकावर नकाशा करत होतो. सॉफ्टवेअर मुक्त होतं. म्हणजे कुणीही ते उघडावं, हवं ते बदलावं. आमच्या संचालकांचं तसं नव्हतं. 'डेटाबेस म्हणजे संस्कार,' असं ते दर सोमवारी सांगत आणि मग प्रिंटर का चालत नाही ते विचारत.

त्यांच्या संस्कारांतला एक नियम असा, की प्रत्येक घर, प्रत्येक विहीर एखाद्या मौज्याच्या, म्हणजे महसुली गावाच्या, हद्दीत बसली पाहिजे आणि त्या मौज्याला लोकसंख्या पाहिजे. आता आमच्याकडे महसुली कागदांवर रिठी गावं पुष्कळ. नाव आहे, शीव आहे, माणसं केव्हाच उठून गेलेली. अशा ओसाड जागी चुकून घराचा बिंदू पडू नये म्हणून हा बंदोबस्त.

गिरडकडच्या एका रिठीत मात्र वस्ती होती. नाल्याला पूर आला तेव्हा काठची काही घरं वर सरकली, ती तिथंच राहिली. आम्ही जाऊन घराघराचे बिंदू घेतले. डेटाबेसनं सगळे परत केले.

उन्हाळ्यात हातपंप कुठं द्यायचे ते याच नकाशावरून ठरणार होतं. बैठकीच्या आदल्या दिवशी त्या वस्तीतली एक बाई एसटीनं थेट ऑफिसात आली.

"आमचं गाव कुठी हाय, दाखवजो बरं."

मी दाखवलं.

"हे तं कोरं हाय!"

"मावशी, कागदावर तिथं कुणी राहत नाही."

"काऊन? मतदानाच्या टायमाले तं बराबर सापडतो आमी!"

आवाज ऐकून संचालक बाहेर आले. "बाई, नियम सगळ्यांना सारखा. त्या मौज्याची लोकसंख्या शून्य आहे."

"मंग तुमीच या न साहेब, दोन दिस राहाले. तुमची तं नोंद असन. लोकसंख्या एक होऊन जाईन."

ऑफिसात कुणी हसलं नाही. सगळे एकदम कामाला लागले.

संचालक माझ्या संगणकापाशी आले. मग म्हणाले, "नियम मोडायचा नाही. नवा तक्ता करा." मी वस्त्यांचा वेगळा तक्ता केला, कुठल्याच मौज्याला न बांधलेला, आणि त्याचा थर नकाशावर अंथरला. काम तासाभराचं. संचालकांनी त्याला 'महसूलबाह्य अधिवास स्तर' असं नाव दिलं आणि दुसऱ्या दिवशी बैठकीत त्यावर इतकं बोलले, की चहा निवला. शेवटी पाणीपुरवठा विभागाच्या अधिकाऱ्यांनी एकच विचारलं, "माणसं आहेत ना तिथं?"

"आहेत," मी म्हटलं.

वैशाखात पंप बसला. पण रिठीला पंप देणं विभागाच्या यादीतही बसत नव्हतं, म्हणून ओट्यावर शेजारच्या मौज्याचं नाव रंगवलं गेलं. ते कळल्यावर शेजारगावचे लोक 'आपला पंप' बघायला सायकलींवर येऊ लागले. बाई त्यांना पोटभर पाणी पाजायची आणि परत पाठवायची.