वेलीवरची पत्रकं

ठाण्याच्या मंडईबाहेर मी दर रविवारी दारूबंदीची पत्रकं वाटायचो. बोटीवर खानसामा म्हणून जन्म काढलेला एक म्हातारा नेमानं चार-पाच मागून घ्यायचा. मजकूर न वाचता कागदाची जाडी तेवढी चिमटीत धरून बघायचा. नाव मी कधी विचारलं नाही.

त्याच्या अंगणात वाइनच्या द्राक्षांचा वेल आहे, असं कानावर आलं. दारूचं पिंप दिसलं की पोलिसांत द्यायचं ठरवूनच मी तिथे गेलो.

पिंप नव्हतं. मांडवावर एकच वेल होता आणि प्रत्येक घडाभोवती माझं पत्रक सुतळीनं बांधलेलं होतं.

"फ्रान्समधल्या बोर्दोहून आणलेली काडी. मेर्लो म्हणतात," तो म्हणाला. "तिकडे नदीकाठी मैलोन्‌मैल हीच द्राक्षं. तांबडी वाइन करतात. पण पाखरं आधी तुटून पडतात."

"मग तुम्हीही वाइन करणार?"

"नऊ घडांची? अरे पोरा, इथे आंबटच होतात. नातवंडं मीठ लावून खातात." मग तो हळूच म्हणाला, "माणसं तुझं पत्रक फेकून देतात. पाखरं बघ कशी मानतात!"

तेव्हा मला हसणं जमत नसे. पण पुढच्या रविवारी जाड कागदावरची पत्रकं मी त्याच्यासाठी वेगळी काढून ठेवली.