ब्रेकमामांची शिकवणी

गाडी चालवायला शिकवणाऱ्या त्या माणसाला सगळे ब्रेकमामाच म्हणायचे. शिकाऊ गाडीत त्यांच्या पायाशीही एक ब्रेक होता आणि तो दाबायला त्यांचा पाय सदा शिवशिवायचा. विमानहल्ले सुरू झाल्यापासून तर जेवतानाही टेबलाखाली तो पाय चालूच.

"अहो, घर कुठे पळून चाललंय? थांबवताय कशाला?" बायको म्हणायची. मामा ओशाळायचे. ताटावरून उठायचे, खिडकीशी जायचे, परत येऊन बसायचे.

शिकवणी बंद पडेल असं त्यांना वाटलं होतं. झालं उलटंच. गाड्या दारात उभ्या आणि चालवणारे आघाडीवर, त्यामुळे घरोघरच्या बायका शिकायला आल्या. त्यांत एक शिंपीणबाई होत्या. नवरा लढाईवर, घरी अंथरुणाला खिळलेले सासरे. सासऱ्यांना गाडीत घालून डोंगरापलीकडे नणंदेकडे न्यायचं, एवढा एकच ध्यास.

त्या सकाळी बाजारामागच्या गल्लीत त्यांची शिकवणी चालली होती. भोंगा झाला. उतरून तळघर गाठावं म्हणेपर्यंत पुढच्या चौकात बॉम्ब पडला. गाडी हादरून बंद पडली. समोर नुसती धूळ. बाजूच्या दुकानाची पाटी कोसळून गाडीला टेकली होती, दुसऱ्या अंगाला भिंत. एकही दार उघडेना.

"ताई, मागे घ्या! सरळ मागे!"

"मागे घ्यायचं तुम्ही अजून शिकवलंच नाही, मामा!"

"आता शिकवतो. मान वळवा. क्लच दाबा. हळू सोडा... हळू!"

गाडी हातभर सरकली की मामांचा पाय ब्रेकवर. गाडी बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. वरून विमानाची घरघर.

"मामा, तो पाय काढा आधी!" बाई किंचाळल्या.

मामांनी दोन्ही पाय उचलले आणि सीटवर चक्क मांडी घातली. भिंतीला घासत, एक आरसा गमावत गाडी मोठ्या रस्त्यावर निघाली. उतरल्यावर बाईंना रडू फुटलं. मामा त्यांना पाणी द्यायला गेले, तर निम्मं स्वतःच्याच शर्टावर सांडलं.

पुढच्याच आठवड्यात बाईंचा फोन आला, "पोचलो. घाटात दोनदा बंद पडली. सासरे सगळी वाट ओरडत होते, अगदी तुमच्यासारखे."

मामांनी हे हसत हसत बायकोला सांगितलं. ती हसली नाही.

"जगाला शिकवलंत. मला?"

"तूच म्हणायचीस, तुमच्या आरडाओरड्यात कोण शिकणार."

"मग ओरडू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चालकाच्या जागेवर बसली. मामा शेजारी.

"पण वेळ आलीच, तर आपण जायचं कुठे गं? आपलं तर बाहेर कुणीच नाही."

"ते मला नका विचारू," तिने किल्ली फिरवली. "पहिला गियर कुठला, ते सांगा."