शनिवारचं प्रकृती-निरीक्षण

फुकट मिळणाऱ्या गोष्टीकडे आमच्या घरात आधी तिरक्या नजरेनंच बघायचे, आणि ती खोड माझ्यातही पुरेपूर उतरली आहे. सरकारी बालवाडीतून चिठ्ठी आली तेव्हा आईच्या कपाळाला आठी पडली, यात नवल काहीच नव्हतं.

नवं राज्य नुकतंच झालं होतं. नागपूर तिकडे मराठी मुलखात गेलं, आम्ही बऱ्हाणपूरवाले इकडे हिंदी राज्यात राहिलो, आणि कचेरीची कागदपत्रं लावायला बाबांना भोपाळला बोलावून घेतलं. सिंधीपुऱ्यातल्या दोन खोल्यांत मी आणि आई. मी पाच वर्षांची. तिसऱ्या वर्षी आलेल्या तापात माझा डावा पाय बारीक झाला होता. घरात मी रांगायची. बालवाडीत आई कडेवर घेऊन जायची, घोट्यापर्यंत परकर घालून, म्हणजे पाय कोणाला दिसू नये. पोरगी लाडावलेली आहे, चालायचा कंटाळा करते, असं तिनं तिथल्या शिक्षिकेला, बहनजींना, सांगून ठेवलं होतं. खरं कळलं तर पटावरून नाव कमी करतील ही तिची धास्ती.

चिठ्ठी हिंदीत होती. ‘प्रति शनिवार प्रकृति-निरीक्षण हेतु बालकों को नगर के बाहर ले जाया जाएगा। व्यय शासन वहन करेगा।’ आई माहेरी, रावेरला, मराठी चौथी शिकलेली. तिनं एकेक अक्षर लावून वाचलं. प्रकृती म्हणजे तब्येत, हे तिला कोणी सांगायला नको होतं. बाबांच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘प्रकृतीस जपावे’ असायचंच. म्हणजे पोरांची तब्येत तपासणार, आणि तीही गावाबाहेर नेऊन.

“गावाबाहेर कायले?” तिनं शेजारच्या काकूंना विचारलं. “इथं जागा नाही का त्यांना?”

काकूंनी लहानपणी प्लेगात गावाबाहेर उभ्या केलेल्या झोपड्या पाहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, “निवडतील. धडधाकट पोरं ठेवतील, बाकीच्यांना घरी बसवतील. नवं सरकार आहे बाई, त्याचं काय सांगावं.”

झालं. त्या शनिवारी मला ताप आला, म्हणजे आईनं आणला. पुढच्या शनिवारीही आणला. काकूंची नात मात्र दोन्ही वेळा जाऊन आली, गुडघ्यापर्यंत चिखल आणि हातात केळफुलाचं लाल पान. आईनं तिला समोर उभं करून वकिलासारखं विचारलं, “सुई टोचली? जीभ बघितली? दंड मोजला?”

“नाही. गांडूळ बघितलं.”

आईला हे जास्तच खटकलं. “पोरांना पढवून पाठवलंय,” ती म्हणाली. मी रडून घर डोक्यावर घेतलं. मला गांडूळ बघायचं होतं, आणि आईचा इतका राग आला होता की मी तिच्या हातचं जेवलेसुद्धा नाही.

तिसऱ्या शनिवारी बहनजी स्वतःच दारात. “बच्ची आज भी बीमार है क्या?” मी समोरच फुटाणे खात बसले होते. आईची पंचाईत झाली. “येते ती,” आई म्हणाली, “पण मी बी येईन संगं.”

सरकारनं भाड्यानं घेतलेल्या बैलगाडीतून आम्ही बहादरपूरकडे निघालो. वाटेभर आईचा डोळा बहनजींच्या पिशवीवर. शेवटी तिनं विचारलंच, आत काय आहे? बहनजींनी हसत एक मोठं भिंग काढून दाखवलं. आईनं मला असं आवळलं की माझी बरगडी दुखली.

केळीच्या बागेत पाणी सोडलेलं होतं. बहनजींनी सगळ्यांना रांगायला लावलं, खाली वाकलेल्या पानांच्या आतून, केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं, म्हणजे कोवळे कोंब, शोधायला. रांगायला! दोन वर्षं मी दुसरं काय केलं होतं? बाकीची पोरं अडखळत होती तोवर मी पहिल्या पिलापाशी पोचलेसुद्धा. परकर पार वर सरकला होता. बहनजी भिंग घेऊन माझ्याकडे वाकल्या, तशी आई चिखलातून धावत आली आणि तिनं परकर खाली ओढला. बहनजींचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. पिलावर एक मुंगी होती. तिला मिशा होत्या, आणि ती त्या पुसत होती. एवढ्याएवढ्या पोरांना सरकारी खर्चानं चिखलात लोळवून काय साधतं, असं आज शहाणी माणसं विचारतात. कोणाच्या कडेवर न बसता मी माझ्या आठवणीत पहिल्यांदाच घराबाहेर कुठे तरी पोचले होते. त्यांना हे कसं समजावणार, आणि कशाला?

निघायची वेळ झाली. पोरं गाडीत चढली. आई बांधावरच उभी.

“बहनजी, निरीक्षण कधी करणार?”

“हो गया ना, माताजी.”

“कधी? कोणाची तब्येत बघितली तुम्ही?”

बहनजींना आधी उमगेना. मग त्या म्हणाल्या, “तबीयत नहीं, माताजी. प्रकृति मतलब पेड़, मिट्टी, कीड़े-मकोड़े. बस, यही देखना था.”

मला वाटलं, आता आई हसेल. सुटलो म्हणेल. ती बांधावर मटकन बसली. मला मांडीवर घेतलं आणि गाडीवान, पोरं, बहनजी, सगळ्यांच्या देखत तिनं माझा परकर गुडघ्याच्या वर सारला.

“मग हिचा पाय कोणीच नाही बघणार का?” ती म्हणाली.