वर्ग भरला त्या वर्षी

बारावीचा निकाल लागला की आमच्या कॉलेजातले प्राध्यापक दारोदार फिरायला निघतात. पुण्याच्या माझ्या मावसबहिणीला हे मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती खो खो हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय. तिच्याकडे पोरं प्रवेशासाठी रांगा लावतात, देणग्या देतात, ओळखी काढतात. आमच्याकडे डोक्यावर दुपट्टा बांधून, पिशवीत पाण्याची बाटली आणि प्रवेशअर्ज टाकून, भर उन्हात आम्हीच पोरं शोधत हिंडतो. गावं आपसात वाटून घेतो. कोणाच्या वाट्याचं गाव दुसऱ्यानं गाठलं तर स्टाफरूममध्ये आठवडाभर अबोला असतो.

अकोला–अमरावती रस्त्यावरून आत वळलं की एक मोठं गाव लागतं, तिथल्या कला महाविद्यालयात मी गृहअर्थशास्त्र शिकवते. घर अकोल्याला. सकाळची एसटी धरायची आणि दुपारच्या गाडीनं परतायचं, असं माझं अर्धं आयुष्य गेलं. मी लागले तेव्हा प्रथम वर्षाची पोरं खिडकीबाहेर उभी राहून तास ऐकायची आणि मी त्यांना हाकलायची. आता खिडकीबाहेर कुत्रं जरी उभं राहिलं तरी मला बरं वाटेल.

पोरं गेली कुठं, हा प्रश्न नुसता आमचा नाही. अमरावतीला एका प्रशिक्षणवर्गात राज्यभरातले प्राध्यापक भेटले होते. जेवताना नांदेडकडचे, रत्नागिरीकडचे, बुलढाण्याचे, सगळे एकच रडगाणं गात होते. तुमच्याकडे किती प्रवेश झाले, असं विचारलं की जो तो वरणाच्या वाटीत बघायचा. ज्यांना परवडतं ती पोरं पुण्याला स्पर्धा परीक्षेच्या क्लासला जातात. काही कंपनीत लागतात. पोरी अमरावतीला नर्सिंग करतात. घरात लेकरंच एक नाहीतर दोन. आणि पूर्वी जिथं तालुक्याला एक कॉलेज होतं तिथं आता प्रत्येक पुढाऱ्यानं आपापलं काढून ठेवलंय. उरलीसुरली पोरं ह्या सगळ्यांत वाटायची म्हटल्यावर कोणाच्याच वर्गात गर्दी होणार नाही. हे कळायला पीएच.डी. लागत नाही, पण आमच्या संस्थेच्या लोकांना अजून कळलेलं नाही. त्यांचं म्हणणं एकच, तुम्ही मनापासून फिरत नाही.

गेल्या उन्हाळ्यात तर त्यांनी बैठक घेऊन सांगूनच टाकलं. यंदा प्रथम वर्षाला पुरेसे प्रवेश झाले नाहीत तर वर्ग उघडायचा नाही, आलेल्यांना अमरावतीच्या कॉलेजात पाठवून द्यायचं. आमचं काय, आम्ही अतिरिक्त ठरलो असतो, दुसऱ्या कुठल्यातरी कॉलेजात समायोजन झालं असतं. पगार थांबला नसता. पण गावातच कॉलेज आहे म्हणून ज्या पोरींना बारावीच्या पुढं शिकायला मिळतं, त्यांचं काय, हे त्या बैठकीत मी सोडून कोणी विचारलं नाही. मी विचारलं तर अध्यक्ष म्हणाले, मॅडम, भावनिक होऊ नका.

त्या वर्षीचा पहिला प्रवेश ज्या पोरीचा होता, तिचं असंच होतं. बाप भाजीवाला माळी. स्वतःच्या मळ्यात वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवायचा आणि पहाटे टेम्पोत टाकून अकोल्याच्या बाजारात न्यायचा. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी पोरगी एकटी ऑफिसात आली. उंच, काळीसावळी, बोलायला खणखणीत. तिला अंगणवाडीची सुपरवायझर व्हायचं होतं. गावातल्या अंगणवाडीत एक सुपरवायझर बाई स्कूटीवर यायच्या, लेकरांची वजनं बघायच्या आणि सरपंचालाही चार शब्द सुनवायच्या. पोरीच्या डोक्यात ते पक्कं बसलं होतं. त्यासाठी पदवी हवी आणि पदवीसाठी आमचं कॉलेज हवं.

"बाबानं सांगतलं हाय मॅडम," ती म्हणाली. "गावात शिक म्हणे, पायजे तेवढं शिक. पण अमरावती-अकोल्याले धाडत नाई. मंग वर्गच नाई उघडला तं?"

मी म्हटलं, उघडेल. कशाच्या जोरावर म्हटलं कोण जाणे.

"मी येऊ का तुमच्यासंगं फिराले? माया मैत्रिणी हायेत चार गावाइत. तुमचं कोणी आयकत नाई, माह्यं आयकतीन."

खरं बोलली. माझं कोणी ऐकत नव्हतं. मी दारात उभी राहिले की बाया पदर सावरायच्या, खुर्ची द्यायच्या, पाणी द्यायच्या, आणि "यायले विचारून सांगतो" म्हणत नवऱ्यावर ढकलून मला वाटेला लावायच्या. बापाला विचारलं तर तो म्हणाला, मॅडमसंगं असन तं माही ना नाई.

मग आम्ही दोघी, मी फिरण्यासाठी कॉलेजात आणून ठेवलेल्या माझ्या जुन्या स्कूटीवर निघालो. ऊन असं की सीटवर बसवत नव्हतं. तिनं स्वतःचा दुपट्टा चार घड्या करून माझ्या सीटवर टाकला. घरोघरी ती सरळ चुलीपर्यंत जायची. कोणाच्या पापडाच्या लाट्या करून द्यायची, कोणाचं लेकरू कडेवर घ्यायची, आणि बोलता बोलता मुद्द्यावर यायची. एका घरी पोरीची आई म्हणाली, "शिकून काय करते वं? माह्या पोट्ट्यानं बीए केलं, आता घरीच बसून राह्यला."

"पोट्टा शिकून घरी बसला, म्हून पोट्टीले न शिकवताच घरी बसवतं का मावशी?" ही म्हणाली.

तीस वर्षांच्या नोकरीत मला असं उत्तर सुचलं नव्हतं. त्या पोरीचा अर्ज आम्ही तिथंच ओट्यावर भरून घेतला.

एकेक अर्ज जमत गेला. संध्याकाळी परतताना ती मागं बसून नावं घोकायची आणि कोण कोणाशेजारी बसेल ते ठरवायची. मलाही पुष्कळ वर्षांनी कॉलेज सुरू व्हायची वाट बघावीशी वाटत होती.

नदीपलीकडच्या गावात एक मोठं घर होतं, तेही माळ्याचंच. रंग दिलेलं, दारात ट्रॅक्टर, बाजूला खत-बियाण्यांचं स्वतःचं दुकान. घरातली पोरगी बारावी झाली होती. मालकीणबाईंनी आम्हाला आत बसवलं, आंब्याचा रस वाढला. अशी सरबराई त्या उन्हाळ्यात कुठंच झाली नव्हती, त्यामुळे मी जरा हुरळलेच. बाई माझ्याशी कमी आणि हिच्याशी जास्त बोलत होत्या. कोणाची तू, मामाचं गाव कोणतं, घरी किती जणं, स्वयंपाक येते का. ही फटाफट उत्तरं देत होती. मग बाईंनी मला विचारलं, "पोरगी कशी हाय हो मॅडम?"

मी सांगितलं. हुशार आहे, कष्टाळू आहे, बोलायला चतुर आहे, वागायला सरळ आहे. मनापासून सांगितलं. मला वाटलं, बाई आपल्या लेकीला हिच्या सोबतीनं पाठवायचं म्हणून चौकशी करतायत. दाराआड खुर्चीवर त्यांचा मोठा मुलगा मोबाइल बघत बसला होता. त्याच्याकडे मी लक्षही दिलं नाही. शेतीवाल्या पोरांना पोरी मिळेनाशा झाल्यात, घराघरात तिशी उलटलेली पोरं बसलीत, हे मला माहीत नव्हतं असं नाही. वर्तमानपत्रात वाचलं होतं. पण मी वर्ग भरायला निघाले होते, माझ्या डोक्यात दुसरं काही शिरतच नव्हतं.

बाईंनी लेकीचा अर्ज भरला. शिवाय गल्लीतल्या चार घरी स्वतः आमच्यासोबत आल्या आणि तिथल्या पोरीही मिळवून दिल्या. त्या दिवशी आमचा वर्ग जवळजवळ भरला. परतताना आम्ही फाट्यावर उसाचा रस प्यायलो, आणि ही आपल्याच नादात काहीतरी गुणगुणत होती.

आठवडा उलटला नसेल, तिचा बाप कॉलेजात आला. हातात पेढ्यांचा पुडा आणि भाजीनं भरलेली थैली. स्टाफरूमच्या दारातच त्यानं माझ्या पायांना हात लावला. माझ्याहून मोठा माणूस. मी मागं सरकले.

"तुमचे उपकार झाले मॅडम," तो म्हणाला. "एवढं मोठं घर. मी शंभर वर्षं फिरलो असतो तरी मले भेटलं नसतं. मांगणं त्याइच्याकडूनच आलं. तुमी पोरगी दाखवली म्हून झालं."

"मी दाखवली?"

"नाई तं काय. घरोघर घेऊन फिरल्या. मले तवाच वाटलं, मॅडम उगाच नाई नेऊन राह्यल्या. मी म्हनलं असन काई मनात, आपन काऊन बोलाव."

ह्या माणसानं पहिल्या दिवसापासून तेच धरलं होतं. आणि त्याचं तरी काय चुकलं? आमच्या भागात एखादी जाणती बाई लग्नाच्या पोरीला सोबत घेऊन, आपल्यातल्या घरी जाऊन बसते, तिचं कौतुक सांगते, ते आणखी कशासाठी? मी चारचौघांतच वाढलेली, अकोल्याचीच. मला हे कळायला पाहिजे होतं. कोणा परक्याला कळलं नसतं तर गोष्ट वेगळी होती.

मी भांडले. बापाशी भांडले, मळ्यात जाऊन तिच्या आईशी बोलले, नदीपलीकडच्या घरीही गेले. मालकीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "आमी काय तिचं शिक्षण तोडून राह्यलो का? नाव राहू द्या कॉलेजात. परीक्षेले धाडू. बाकीच्या पोट्ट्या तरी कुठं रोज येतेत? तुमीच सांगत होत्या ना घरोघर, रोज नाई जमलं तरी चालते म्हून." सांगत होतो. सगळेच सांगतात. तसं सांगितल्याशिवाय आमच्याकडे एक अर्ज भरला जात नाही.

शेवटी मी पोरीलाच गाठलं. ती विहिरीवर पालकाच्या जुड्या बांधत बसली होती. मी म्हटलं, तू नाही म्हण, पुढचं मी बघते. ती बांधतच राहिली.

"बाबा कवाचा हासला नवता मॅडम. आता हासून राह्यला," ती म्हणाली. मग पुढची जुडी उचलून, "माह्यं नाव काढू नका. एकानं कमी पडलं तं त्या सगळ्या पोरी अमरावतीले जातीन का? कोणीच जानार नाई."

मी तिथंच बांधावर बसून रडले. तिनं मला पाणी आणून दिलं.

साक्षगंध म्हणजे साखरपुडा झाला, आषाढ लागायच्या आत लग्न झालं. मी लग्नाला गेले. मला मानाची साडी दिली, हळदीकुंकू लावलं, ओळख करून देताना ज्याला त्याला सांगितलं की यायनंच, या मॅडमनंच जमवलं. ती साडी मी अजून नेसलेली नाही. कोणाला देऊन टाकायचं धाडसही होत नाही.

वर्ग उघडला. संस्थेनं आमचा सत्कार केला. अध्यक्ष म्हणाले, बघा, मनापासून फिरलं की होतं. पोरी येऊ लागल्या, काही रोज, काही बाजाराच्या दिवशी. तिची नणंदही यायची. तिला मी वहिनी कशी आहे म्हणून विचारायची. "चांगली हाय," ती म्हणायची, आणि मी पुढं विचारायची नाही. हजेरी घेताना पहिलं नाव तिचं यायचं. काही दिवस मी ते मोठ्यानं वाचत होते. मग मनातच वाचून पुढं जायला लागले.

हिवाळी परीक्षेला तिला खरंच पाठवलं, नवरा मोटारसायकलवर सोडून गेला. त्या लोकांनी शब्द पाळला, तेवढं मी कबूल करते. अंगावर चांगली साडी, डोक्यावरून पदर, थोडी सुकलेली. तिच्या खोलीवर माझीच पर्यवेक्षणाची ड्यूटी होती. तिनं खाली मान घालून लिहिलं, पुरवणी मागितली, शेवटच्या घंटेपर्यंत लिहीत राहिली. तास न ऐकता एवढं काय लिहिलं असेल, कुठून वाचलं असेल, मला माहीत नाही. पोरी पेपर देऊन निघून गेल्या. ती मात्र उत्तरपत्रिका देऊन तिथंच घुटमळत राहिली.

"मॅडम, आपला वर्ग हाच का?"

"हाच."

ती खोलीभर फिरली. फळ्यावर अर्धवट पुसलेली माझीच आकृती होती, ती तिनं निरखून पाहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी रोज आली असती, तं कुठं बसली असती हो?"

मी तिला पंख्याखालचा पुढचा बाक दाखवला. ती त्यावर जाऊन बसली. दोन्ही हात बाकावर ठेवले आणि फळ्याकडे बघू लागली. मी खडू उचलला आणि त्या दिवशी ना वर्ग होता ना तास, तरी लोहाच्या कमतरतेचा धडा शिकवायला सुरुवात केली. चार-पाच वाक्यं झाली असतील. खाली मोटारसायकलचा हॉर्न वाजला, मग पुन्हा वाजला. ती उठली, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "एवढंच राहू द्या मॅडम." आणि जिना उतरून गेली.