‘जाणार’च्या पुढचा शब्द

गोरक्षनाथला स्वतःचं नाव सांगता येत नसे. ‘ग’ घशात अडकायचा, मान एका बाजूला वळायची, डोळे मिटायचे, आणि शब्द बाहेर येण्याआधीच समोरचा माणूस अवघडून म्हणायचा, “असू द्या, असू द्या.” ‘स’ आणि ‘ख’ यांचंही तेच. ‘न’ मात्र त्याला कधी अडला नाही.

बोरदऱ्यात त्याचं काही अडत नव्हतं. संगमनेरच्या दक्षिणेचं हे लहानसं गाव. मी तिथे शाळेत शिकवत होते आणि त्याच्या घरासमोरच्या खोलीत राहत होते. त्याचं शिलाई मशीन ओट्यावर असे. जन्मापासून ओळखीच्या माणसाला नाव कोण विचारणार? कुणाला सदरा ढगळ लागतो, कुणाला बंडीला आतून खिसा हवा असतो, हे त्याला ठाऊक होतं. दिवस दिवस त्याला बोलावं लागत नसे.

बोलावं लागलंच, तर गाव त्याचं वाक्य पुरं करून टाकी. त्यात चेष्टा कमी आणि माया जास्त होती. छगन दुकानदाराला तर पहिलं अक्षर पुरे होई. गोरक्षनाथने “ख...” म्हणताच तो खोबरं तोलायला घेई. गोरक्षनाथला खिळे हवे असत. पण पुन्हा सुरुवात करण्यापेक्षा तो खोबरं घेऊन घरी येई.

“बघा बाई,” त्याची बायको रतनबाई मला डबा उघडून दाखवायची. “घरात एक खिळा न्हाई, आन् खोबरं मात्र लगीनघरासारखं.”

बाहत्तर सालच्या दुष्काळात मशीन थांबलं. नवा कपडा कोण शिवणार? रतनबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. गोरक्षनाथही जाई, पण तिथे हजेरीला रोज नाव विचारत. मुकादमाला त्याची ओळख पटेपर्यंत तो बायकोच्या मागे उभा राही.

अशात रतनबाईचा भाऊ राधाकृष्ण संगमनेरहून निरोप घेऊन आला. एका कापड दुकानाच्या शेठला दुकानाच्या बाजूलाच शिंपी हवा होता. कॉलेजची पोरं, लग्नाची कापडं, काम बाराही महिने. मागच्या गल्लीत राहायला खोलीही होती. गोरक्षनाथ एकटाच जाऊन जागा बघून आला. परत आल्यावर रतनबाई हसत हसत मला सांगायला आली, पण सांगता सांगता तिचं हसू गेलं.

“तिकीट नाशिकचं काढलं, बाई. कंडक्टरनं ‘कुठं’ म्हनून इचारलं, तर ‘स’ निघंना. पाठीमागं मानसं खोळंबलेली. मंग ‘नाशिक’ म्हनले. संगमनेरला उतरताना कंडक्टर म्हनतोय, ‘अहो, नाशिक लांब हाय अजून.’ ह्यांनी मान हलवली आन् उतरले.”

त्या दिवसापासून त्या घराला जी काळजी लागली, ती माझ्याही दारापर्यंत आली. गोरक्षनाथची आई गोजरबाई सकाळी चूल पेटवण्याआधी माझ्याकडे येऊन बसे. “बाई, हितं माझ्या लेकाला कुनी नाव इचारत न्हाई. तिथं पैलं नावच इचारत्यात. तुमी सांगा त्याला.” मी काय सांगणार होते? हसणाऱ्या गिऱ्हाइकांपुढे मान वळवून उभा असलेला गोरक्षनाथ मलाही दिसत होता. आणि इथे राहिला, तर थांबलेल्या मशीनवर फडकं टाकून बसलेला तोही रोज समोर दिसतच होता.

त्याच आठवड्यात शाळेत तपासणीला साहेब आले. गोरक्षनाथची मुलगी मनकर्णा माझ्या पहिलीच्या वर्गात होती. साहेबांनी तिला उभं करून नाव विचारलं. ती “म... म...” करत राहिली. मान एका बाजूला वळली. वर्षभर ती मधूनच अडखळत होती, पण इतकी कधी नाही. साहेबांनी भुवया उचलायच्या आत सगळा वर्ग एका सुरात ओरडला, “मनकर्णा!” मुलं मनापासून, खुशीत ओरडली होती. ती खाली बसली आणि सुटल्यासारखी हसली.

साहेबांसाठी शाळेच्या टेबलाला नवं आच्छादन शिवून घेतलं होतं. ते द्यायला आलेला गोरक्षनाथ दारातच उभा होता. त्याने मुलीचं ते हसू पाहिलं. आच्छादन उंबऱ्यावर ठेवून तो गेला. त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत माझं वर्गाकडे लक्ष नव्हतं.

रविवारी राधाकृष्ण उत्तर न्यायला आला. ओट्यावर माणसं जमली. छगन आला, भावकीतला सूर्यभान आला; मी माझ्या दारात तांदूळ निवडत बसले होते.

“दाजी, शेठला उद्या सांगायचंय,” राधाकृष्ण म्हणाला. “दुसरा एक जन टपून बसलाय.”

“अरे, पर तिथं गिऱ्हाईक इचारनार, कॉलर कशी लावता?” छगन म्हणाला. “ह्यो सांगस्तवर कॉलरची फॅशन जायची.”

सगळे हसले. गोरक्षनाथही हसला. गोजरबाई मात्र हसली नाही.

“लोकांनी हसावं म्हनून का पोटचा गोळा धाडू? हितं समद्यांना त्याचं बोलनं कळतंय.”

“पोट कशावर भरायचं, चुलते?” राधाकृष्णने सूर्यभानला विचारलं.

“पाऊस काय कायमचा रुसलाय का?” सूर्यभान म्हणाला. “पर त्यालाच इचारा की. बोल रं, गोरख.”

सगळे त्याच्याकडे वळले. गोरक्षनाथने मशीनच्या चाकावर हात ठेवला. “मी...” मान वळली. “मी जा... जा...” कपाळावरची शीर वर आली. माझ्या सुपातले हात थांबले. “मी जाणार.”

आणि तो गप्प झाला.

सगळ्यांनी पुढच्या शब्दाची वाट पाहिली. छगनचे ओठ आधीच हलायला लागले होते. पण गोजरबाईने कुणाला संधी दिली नाही.

“न्हाई,” ती म्हणाली. “जाणार न्हाई म्हनतोय त्यो. ऐकलंस का राधाकृष्णा?”

ओट्यावर सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. सूर्यभान म्हणाला, “झालं मिटलं.” राधाकृष्णने टोपी उचलली. गोरक्षनाथ मान खाली घालून बसला होता. खोबऱ्याची पुडी घेऊन दुकानातून निघताना तो असाच दिसायचा.

रतनबाई चौकटीला धरून उभी होती. चार माणसांत ती सासूसमोर कधी बोलत नसे.

“आत्याबाई,” ती हळूच म्हणाली, “त्यांना ‘न’ अडत न्हाई.”

“म्हंजी?”

“न्हाई म्हनायचं असतं, तर कवाच म्हनले असते.”

“मंग तोंड मिटून का बसलाय त्यो?”

“बोलून झालं त्यांचं.”

गोजरबाईने लेकाकडे पाहिलं. त्याने मान वर केली, आईच्या नजरेला नजर दिली, आणि तो काहीच बोलला नाही. राधाकृष्णने टोपी डोक्यावर न घालता पुन्हा मांडीवर ठेवली.

गोरक्षनाथ, रतनबाई आणि मनकर्णा, तिघं गेली. शेत आणि शेळी सांभाळायला गोजरबाई मागे राहिली. फाट्यावर मी पोहोचवायला गेले होते, पण गाडी गर्दीची होती. कंडक्टर त्यांच्याजवळ पोचायच्या आत गाडी वळणाआड गेली.

चैत्रात यात्रेला ती गावी आली. गोरक्षनाथ वाळला होता. मी रतनबाईला बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा तिने काही लपवलं नाही.

“नाव इचारत्यात, बाई. ह्ये सांगत्यात. ज्याला दम हाय त्यो थांबतो, न्हाईतर पल्याडच्या दुकानात जातो. शेठ कधी काय म्हनंल, नेम न्हाई. पन मधीच बोलून कुनी पुरं करीत न्हाई. तेवढा येळच नसतो तिथं कुनाला.”

“आणि जाताना तिकीट?”

ती हसली. “नाशिकचंच. तिघांचंबी.”

दुसऱ्या दिवशी त्यांना परत निघायचं होतं. संध्याकाळी गोजरबाई मनकर्णाची वेणी घालत ओट्यावर बसली होती. दुष्काळ सरला नव्हता. पण यात्रेसाठी गावाने अंगणं शेणाने सारवली होती, आणि म्हातारीला वाटत होतं, की इतकं नीटनेटकं गाव पाहून तरी कुणाचं मन फिरेल.

“मने,” तिने विचारलं, “उद्याच जाणार व्हय गं?”

“जाणार...” पोरगी म्हणाली आणि थांबली.

गोजरबाईचे ओठ उघडले. मग तिने पदराचा बोळा तोंडावर दाबून धरला. दुसऱ्या हातात वेणीचे पेड तसेच राहिले. इथेच ठेवलेल्या जुन्या मशीनला तेल देत असलेल्या गोरक्षनाथचा हात थांबला, रतनबाई दारात थबकली. तिघंही त्या पोरीच्या तोंडाकडे पाहत राहिली. मनकर्णाला कोणतं अक्षर अडतं आणि कोणतं नाही, हे अजून कुणालाच नीट ठाऊक नव्हतं.