माय शेंगा फोडते

मी अकोल्याच्या शाळेत होते तेव्हा सीमेवर लढाई चालू होती आणि पेपरात रोज ‘शेल’ हा शब्द यायचा. इंग्रजीच्या सरांनी फळ्यावर त्याचे अर्थ लिहिले: शिंपला, कवच, टरफल, तोफगोळा. मग म्हणाले, “आता क्रियापद म्हणून वापरा.”

पुढच्या बाकांवरून आलेल्या सगळ्या वाक्यांत शत्रूवर तोफा डागल्या गेल्या. माझी पाळी आली तेव्हा मी टरफल काढण्याच्या अर्थानं ‘शेल’ वापरून इंग्रजीत म्हणाले, ‘माझी माय भुईमुगाच्या शेंगा फोडते.’ खरंच होतं ते. पातूर रस्त्यावरच्या गोदामात ती बियाण्याच्या शेंगा हातानं फोडायची.

वर्ग हसला. सर म्हणाले, “दुसरं वाक्य सांग.”

“हे चुकलं का सर?”

“चुकलं नाही. पण वर्गात शोभत नाही.”

“मग मी बदलणार नाही.”

सरांनी उभं केलं, तशी तास संपेपर्यंत मी उभी राहिले. दुसऱ्या दिवशीही. पाय दुखत होते, त्याहून जास्त राग येत होता.

शेजारच्या पोरीनं आमच्या घरी येऊन मायला सांगितलं. मला वाटलं, माय म्हणेल, सांग दुसरं वाक्य आणि मोकळी हो. तिनं एवढंच विचारलं, “तुहं चुकलं होतं काय?”

“नाही.”

“मंग?”

सकाळी ती माझ्याबरोबर निघाली. लुगडं कामाचंच, अंगठे चिरलेले. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून ती कुणापुढे वाकून बोलत नसे. वर्गाच्या दारात उभी राहून म्हणाली, “सर, शेंगा मी फोडतो. माह्या कामापायी हे काहून उभी हाय?”

कुणी हसलं नाही. सर हाताचा खडू पुसत राहिले. “बाई, तुम्ही ऑफिसात जाऊन बोला.”

“हापिसात काहून? उभं तर तुमी केलं. बसवा तिले.”

ती हलली नाही. शेवटी सर माझ्याकडे न पाहता म्हणाले, “बस.” मी बसले, तेव्हाच माय गेली.

संध्याकाळी तिनं त्या शब्दाचे सगळे अर्थ माझ्याकडून ऐकून घेतले. तोफगोळा ऐकून हसली. “सरायले तोच आवडत असंल.”

त्यानंतर मॅट्रिकपर्यंत सरांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. मी मात्र त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला हात वर केला, आणि त्यांनी दुसऱ्या कुणाला उठवेपर्यंत तो खाली घेतला नाही.